काटा थांबला, म्हणून पाऊल थांबवू नका



रविवारी मिस्सा आटोपली की मंदिराबाहेर चार माणसे बोलत उभी राहतात. पूर्वी पाऊस, कापूस आणि केळीचा भाव एवढेच विषय असत. आता त्यात साखर, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांची भर पडली आहे. परवा एक शेतकरी बंधू म्हणाले, "फादर, तीन महिन्यांत सहा किलो उतरलो. आता महिना झाला, काटा जागचा हलत नाही. मग कशाला जिवाला त्रास द्यायचा?"

हा प्रश्न एकट्याचा नाही. वजन कमी करण्याचा निश्चय बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात मोडत नाही. काटा अडून बसतो तेव्हा तो मोडतो. माझे मत स्पष्ट आहे. अशा वेळी ताट आणखी रिकामे करणे ही एक चूक, आणि सगळेच सोडून देणे ही दुसरी चूक. त्याआधी काटा का अडला, हे समजून घ्यावे.

पहिल्या पंधरवड्यात जे वजन झपाट्याने उतरते त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीर साठवणीची साखर पाण्यासह धरून ठेवते. खाणे कमी झाले की ती साखर खर्च होते आणि पाणीही जाते. चरबी मात्र सावकाश जाते. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. रोज २५० कॅलरी कमी घेतल्या तर एक किलो उतरायला साधारण महिना लागतो. उलट लोणचे, पापड, शेव असे खारट पदार्थ जास्त झाले की शरीरात पाणी थांबते आणि एक-दोन दिवसांत काटा किलोभर वर सरकतो. स्त्रियांच्या मासिक पाळीच्या दिवसांतही असे होते. म्हणजे महिन्याची कमाई दोन दिवसांच्या पाण्याने झाकली जाते. ती नाहीशी झालेली नसते.

दुसरे कारण असे की हलक्या शरीराला इंधन कमी लागते. ८० किलोच्या माणसाला जे जेवण कमी पडत होते, तेच ७४ किलोच्या माणसाला पुरेसे होते. शिवाय उपाशी राहिले की शरीर काटकसर करू लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास करण्यात आला. त्यांची नाडी मंदावली, अंगात थंडी भरली, आणि डोक्यात रात्रंदिवस अन्नाचाच विचार राहू लागला. म्हणून उपासमारीने वजन उतरवू पाहणाऱ्याला मी सांगतो, की तुमचा संकल्प दुबळा नाही, तुमची रीत चुकली आहे.

आता मुख्य मुद्दा. काटा हा एकच साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष नेहमी पुरी नसते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा दोघांना सारखेच म्हणतो, आणि आत मात्र दुपटीहून अधिक फरक! आपल्या लोकांत हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी ठेवण पुष्कळ दिसते. धोका त्या पोटात असतो.

दुसरे उदाहरण त्याहून धीर देणारे आहे. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा सुमारे अडीच ते तीन वर्षे अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांनी आहार सुधारला आणि चालणे-फिरणे वाढवले, त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांना झाला. आणि ध्यानात घ्या, या दुसऱ्या गटाचे वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते! काट्यावर विसंबून त्यांनी मध्येच सोडले असते, तर केवढे नुकसान झाले असते?

केळीचे पाहा ना. बुऱ्हाणपूरच्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको. महिनोन्‌महिने पानामागून पान येत राहते, घडाचा पत्ता नसतो. पण निसवण होण्याच्या पुष्कळ आधी खोडाच्या आत फुलाची घडण सुरू झालेली असते. घडाला किती फण्या येणार, हे तेव्हाच ठरते. "काहीच दिसत नाही" म्हणून त्या दिवसांत पाणी आणि खत तोडणाऱ्याला आपण काय म्हणू? शरीराच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट, रोज काट्यावर चढू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट रिकामे असताना, त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. महिन्यातून एकदा कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. धाप कमी लागते का, झोप कशी आहे, साखर आणि रक्तदाब किती, हेही त्याच वहीत असू द्या.

दुसरी गोष्ट, नकळत आत जाणारे मोजा. चहात दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत सुमारे २०० कॅलरी होतात. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात. तर्रीदार भाजी, लग्नाच्या पंगती, मावा जिलेबी, नाताळचा फराळ, हे सोडा असे मी म्हणत नाही. पण हिशेबात धरा. ताटात ज्वारीची भाकरी थोडी कमी आणि डाळ, उसळ, अंडी, ताक, पालेभाजी थोडी अधिक असू द्या. त्याने पोट भरलेले राहते आणि स्नायू टिकतात.

तिसरी गोष्ट, अंगमेहनत. शेतकऱ्याला व्यायाम कशाला, असे आपण म्हणतो. पण मोटेच्या जागी पंप आला, बाऱ्यांच्या जागी ठिबक आले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, आणि शेतावर जायला मोटारसायकल आली. कष्ट हलके झाले हे चांगलेच झाले, पण भूक जुनीच राहिली. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम सांगते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास पायी शेतावर गेलात, तरी तेवढे होते.

थोडी सावधगिरीही हवी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण घटवू नये, साखर एकदम उतरून घेरी येऊ शकते. थकवा, अंगावर सूज आणि वाढते वजन एकत्र दिसले तर थायरॉईडची तपासणी करावी. प्रयत्न न करता वजन घटत असेल तर त्यात आनंद मानू नये. क्षयरोग आणि मधुमेह यांची तपासणी ताबडतोब करून घ्यावी.

आणखी एक. आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याशी अशी घरे आहेत, जिथे ताट भरण्याचीच पंचाईत आहे. हा लेख त्यांच्यासाठी नाही. आणि जे जड आहेत त्यांची थट्टा करण्यासाठीही नाही. नवऱ्याने बायकोला, सासूने सुनेला "एवढे करून काय उपयोग झाला?" असे विचारू नये. त्यापेक्षा संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला निघावे. सोबत मिळाली की अडलेला महिना निभावून जातो.

उपवासकाळात आपण चाळीस दिवस संयम पाळतो आणि सण आला की एका आठवड्यात सारे भरून काढतो. शरीराची राखण अशी हंगामी नसावी. काटा थांबला तर थांबू द्या. चार आठवडे वही लिहा, कंबर मोजा, पाय चालू ठेवा. वजन पुन्हा वाढले नाही, हेही यशच आहे.