निबंध कोणी वाचला, हे विचारायला 700 रुपये?

भोर-वेल्ह्यातल्या मंडळींनो, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात यंदा बारावीचं लेकरू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. 2025 मध्ये 20 मे ही शेवटची तारीख होती.

2025 चा बारावीचा निकाल 5 मेला लागला. राज्याचा 91.88 टक्के. पेढे वाटून झाले, चौकात फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर ज्यांचे फोटो नाहीत त्यांच्याबद्दल लिहितोय.

परवा स्टँडवर हिर्डोशी खोऱ्यातले एक ओळखीचे दादा भेटले. मुलीला बाकी सगळ्या विषयांत साठच्या वर मार्क आणि मराठीत एकदम काठावर. म्हणाले, "पत्रकार, मराठीत कसं काय हो? ती घरात बोलते तेसुद्धा पुस्तकासारखं." मुलगी म्हणते पेपर चांगला गेला, निबंध तर सगळ्यात चांगला गेला. डी.एड. करायचं म्हणतेय, आणि तिथली यादी बारावीच्या टक्क्यांवर लागते. एका विषयात पंधरा-वीस मार्क कमी पडले की टक्केवारी दोन-तीननं खाली येते आणि जवळचं कॉलेज हातातून जातं.

"परत तपासायला टाकू का? किती लागतील?"

सांगितलं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत 400 रुपये. ती आल्यावर पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, त्याचे 300. एका विषयाचे झाले 700. वर सायबर कॅफेवाल्याचे वेगळे.

"आणि नाहीच वाढले तर?"

"तर गेले."

तेवढ्यात एसटी लागली. दादा "बघतो" म्हणाले आणि चढले. आपल्याकडे या "बघतो"चा अर्थ काय असतो ते तुम्हाला सांगायला नको.

आता लगेच कोणी कमेंटमध्ये लिहील की मुलीनंच वाईट लिहिलं असेल. असेल की! मी तिची उत्तरपत्रिका पाहिलेली नाही. तिच्या बापानं पाहिली नाही, तिच्या सरांनी पाहिली नाही, तिनं स्वतःसुद्धा दिल्यानंतर पाहिली नाही. माझं भांडण तेवढंच आहे. अन्याय झाला असं मी म्हणत नाही. झाला की नाही हे कळायचीसुद्धा फी आहे, असं म्हणतोय.

एक गैरसमज आधी दूर करतो, कारण दरवर्षी पालक यात फसतात. 50 रुपयांची जी "गुणपडताळणी" आहे ती फेरतपासणी नव्हे. त्यात बेरीज बरोबर आहे का, एखादा प्रश्न तपासायचा राहिला का, एवढंच बघतात. निबंध पुन्हा कोणी वाचत नाही. 50 भरून "आम्ही रिचेकिंगला टाकलं" म्हणणारे अनेक जण मला माहीत आहेत.

हा वाद नवा नाही, आणि तो आपल्याच राज्याचा आहे. महाराष्ट्र बोर्ड विरुद्ध परितोष शेठ, सर्वोच्च न्यायालय, 1984. त्याआधी मुंबई हायकोर्टानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं कौल दिला होता की उत्तरपत्रिका बघायला मिळाली पाहिजे. बोर्ड दिल्लीत गेलं आणि जिंकलं. लाखो मुलं परीक्षा देतात, सगळ्यांना पेपर दाखवत बसलो तर निकालाला शेवटच राहणार नाही, तज्ज्ञ मंडळींनी केलेल्या नियमात कोर्टानं पडू नये, असा एकूण सूर. पुढची 27 वर्षं हाच निकाल मुलांच्या तोंडावर फेकला जायचा.

मग माहिती अधिकार आला. 2011 च्या ऑगस्टमध्ये, सीबीएसईच्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा परीक्षार्थीचा अधिकार आहे. परीक्षकाचं नाव झाका, पण पेपर दाखवा. 2019 मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात आणखी स्पष्ट झालं. संस्थेनं स्वतःची जास्त फी ठेवली असली तरी माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्याला त्या कायद्याचीच फी लागते. आपल्या राज्यात ती किती? अर्जाचे 10 रुपये, आणि पानाला 2 रुपये.

म्हणजे रस्ता स्वस्त आहे. मग अडचण कुठे? माहिती अधिकारात उत्तर द्यायला 30 दिवसांची मुदत, आणि बोर्डाची खिडकी 2025 मध्ये होती 6 मे ते 20 मे. स्वस्त रस्त्यानं गेलात तर पोचेपर्यंत दार बंद, वेळेत पोचायचं तर 400 मोजा. हक्क कोर्टानं दिला आणि बोर्डानं त्याला तिकीट लावलं.

कोणी म्हणेल 700 रुपये म्हणजे काही फार नाहीत. पुण्यात नसतील. तिथे क्लासवाले स्वतः पालकांना सांगतात, टाका टाका, मिळाले तर मिळाले. आपल्याकडे केळद-पासलीच्या बाजूला 700 म्हणजे दोन दिवसांची मजुरी आहे, तीही काम मिळालं तर. अर्ज ऑनलाइन, छायाप्रत ईमेलवर. आता वेल्ह्यात रेंज कुठे असते ते वेल्हेकरांना विचारा. तालुक्याचं नाव राजगड झालं त्याचा आनंद आहेच, टॉवरचंही बघा म्हणावं.

शिक्षकांवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवतो. उन्हाळ्यात गठ्ठेच्या गठ्ठे येतात, एका पेपरचे किती रुपये मिळतात ते कुठल्याही ज्युनियर कॉलेजच्या सरांना विचारा, सांगताना तेच लाजतात. 2023 ला तर त्यांनी मागण्यांसाठी तपासणीवर बहिष्कार घातला होता आणि तो सुटल्यावर साठलेलं सगळं घाईत उरकावं लागलं. 2025 च्या मार्चमध्ये विरारला एका घरात आग लागून तपासायला आलेले बारावीचे पेपर जळाले. घरी नेऊ नयेत असा नियम असताना पेपर घरी होते. माणसं थकलेली आहेत, यंत्रणा ढिली आहे. अशा यंत्रणेतून बाहेर पडलेला आकडा ब्रह्मवाक्य मानायचा आणि शंका विचारणाऱ्यालाच दंड लावायचा?

त्यातून निबंध. गणितात उत्तर चुकलं तर चुकलं. व्याकरणात समास ओळखला किंवा नाही ओळखला. निबंधाचं तसं नाही. पाऊस या विषयावर एक मुलगा गाइडमधला पाठ करून आलेला, सुरुवातीला सुविचार, शेवटी कविता, सुवाच्य अक्षर. दुसरी मुलगी लिहिते की मृगात राब भिजला की आई तरव्याकडे बघून हिशेब करते, आवणाला माणसं मिळतील का, भाटघरचं पाणी वर आलं की कुठलं खाचर जातं. वाक्यं थोडी वाकडी, "व्हतं" राहून गेलेलं. दोन मिनिटांत एक पेपर उरकणाऱ्या डोळ्याला यातला कोणता निबंध "चांगला" दिसेल? मला भीती आहे की पहिला. तपासणीवर नियामक असतात, मुख्य नियामक असतात, मान्य. पण ते प्रत्येक निबंध पुन्हा वाचत नाहीत. आशयाला किती, मांडणीला किती, शुद्धलेखनाचे किती कापले, हे मुलाला निकालपत्रात कुठेच दिसत नाही. दिसतो एक आकडा, पूर्ण विषयाचा.

बोर्डाला चूक मान्य करता येत नाही असं मुळीच नाही. 2023 चा बारावीचा इंग्रजीचा पेपर आठवा. प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीच्या सूचना छापल्या गेल्या होत्या. राज्यभर बोंब झाली आणि बोर्डानं 6 गुण दिले. तेव्हा कोणाकडून 400 घेतले नाहीत. चूक लाखो मुलांची झाली की ती बोर्डाची असते, एका मुलीची झाली की शोधायचा खर्च तिच्या बापाचा!

माझी मागणी काही जगावेगळी नाही. भाषेच्या पेपरची छायाप्रत मागेल त्याला फुकट द्या, ईमेलवरच तर पाठवायची आहे, कागदाचासुद्धा खर्च नाही. निबंधाचे मार्क कसे दिले त्याचे तुकडे त्यावर लिहा. आणि पुनर्मूल्यांकनाचं उत्तर प्रवेशाच्या याद्या लागायच्या आधी द्या, नंतर वाढलेल्या मार्कांचं काय लोणचं घालायचं? आपल्या आमदारांनी पावसाळी अधिवेशनात एवढं एक विचारावं. रस्ते-गटारांवर आपण त्यांना रोज टॅग करतो, यावरही करा.

तोवर ज्यांना खरोखर शंका आहे त्यांनी मुदतीच्या आत छायाप्रत मागवा. ती हातात आली की थेट पुनर्मूल्यांकनाला उडी मारू नका, आधी कॉलेजच्या मराठीच्या किंवा इंग्रजीच्या सरांना, बाईंना वाचायला द्या. त्या म्हणाल्या मार्क बरोबर आहेत, तर 300 वाचले. फॉर्म भरायला अडचण असेल तर संध्याकाळी सहानंतर मी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर असतो, लॅपटॉप घेऊन बसतो. मार्कशीट आणा. हिर्डोशीच्या दादांपर्यंत कोणी ही पोस्ट पोचवली तर बरं होईल, त्यांचा फोन परवापासून लागत नाहीये.