रस्ता आखण्यापूर्वी वस्तीची तपासणी

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी माझ्याकडे नियमितपणे तपासणीस येत असत. दवाखाना त्यांच्या घरासमोरच, रस्त्याच्या पलीकडे. पुढे रस्ता रुंद झाला, मधोमध दुभाजक उभा राहिला, ओलांडण्याची जागा दूर गेली आणि आजींचे येणे थांबले. त्यांचा मुलगा भेटला तेव्हा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आईचा पाय उत्तम आहे, पण ती पलीकडे येणार कशी?” शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती, चालणे मात्र उंबरठ्याच्या आतच राहिले होते.

त्या अभियंत्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. वाहनांची संख्या, वेग, वळणाची त्रिज्या हे त्यांना शिकविलेले असते. रस्त्याकाठी कोण राहते, कोण कशासाठी तो ओलांडते, कोणत्या झाडाच्या सावलीवर कोणाचे पोट अवलंबून आहे, हे विचारण्याचे शिक्षण मात्र त्यांना क्वचितच मिळते. माझा आग्रह त्या शिक्षणासाठी आहे.

लोकांना विचारत बसल्यास कामे रखडतात, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकेतील केंटकी राज्याचा अनुभव वेगळा आहे. लेक्सिंग्टन शहर व पॅरिस हे गाव यांना जोडणारा रस्ता अरुंद आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. भोवती घोड्यांची कुरणे, जुने वृक्ष आणि चुन्याविना रचलेल्या दगडी भिंती. चौपदरीकरणास विरोध झाला आणि १९७९ मध्ये न्यायालयाने कामास मनाई केली. काम थांबले, अपघात थांबले नाहीत. पुढे १९९० नंतरच्या दशकात अभियंते, भूदृश्यरचनाकार आणि रहिवासी एकत्र बसले. दोन्ही दिशांचे मार्ग जमिनीच्या चढउतारांप्रमाणे वेगवेगळे वळविले गेले; हलवाव्या लागलेल्या भिंती कुशल गवंड्यांनी पुन्हा रचल्या. २००३ मध्ये रस्ता पूर्ण झाला. तो रुंदही झाला आणि परिसरही राखला गेला. विलंब झाला तो आधी न विचारल्यामुळे!

१९९८ मध्ये मेरीलँड येथे या विषयावर परिषद भरली. त्यानंतर पाच राज्यांनी ही पद्धत प्रायोगिक तत्त्वावर स्वीकारली. त्यांत केंटकीही होते आणि तेथे अभियंत्यांसाठी प्रशिक्षणवर्ग चालविले गेले.

आपल्या देशातही २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासास महत्त्व दिले. धोरण कागदावरून रस्त्यावर उतरविणारी माणसे घडविणे बाकी आहे. वैद्यकीय शिक्षणात २०२१-२२ च्या तुकडीपासून विद्यार्थ्यांनी खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा मागोवा ठेवावा, अशी योजना आली. नियोजनाच्या विद्यार्थ्यांनीही एखादी वस्ती अशीच दत्तक का घेऊ नये? मे महिन्याच्या उन्हात एकदा आणि भर पावसात एकदा त्यांनी वृद्धांबरोबर, शाळकरी मुलांबरोबर, भाजीवालीबरोबर तो रस्ता चालावा. नंतरच आराखड्यास हात घालावा.

भोपाळची नियोजन व वास्तुकला संस्था आम्हा इंदूरकरांना दूर नाही. आपल्या मंडळाने तेथील विद्यार्थ्यांना आपल्या दवाखान्यांत बसण्याचे निमंत्रण द्यावे, अशी माझी विनंती आहे. कोण येते हे त्यांना तेथे दिसेल. कोण येईनासे झाले, हे आपण त्यांना सांगू.