काचेच्या टाकीतला अतिभार



हल्ली आपल्या बऱ्याच घरांत फिशटँक दिसतो. कुणी वास्तूसाठी ठेवतं, कुणी नातवंडांच्या हट्टापायी. आज लिहायचंय ते ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट अशा मोठ्या होणाऱ्या माशांबद्दल. हे सगळे सिक्लिड कुळातले. माझं मत स्पष्ट सांगते: दोन फुटी टाकीत असे चार-पाच मासे ठेवणं ही हिंसाच आहे, मग आपण त्यांना रोज वेळेवर खाऊ घालत असलो तरीही.

आधी हिशेब मांडू. मी बी.कॉम., आकड्यांशिवाय मला पटत नाही. दुकानात ऑस्कर दोन-तीन इंचांचा मिळतो. मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा नीट वाढला तर दहा-बारा इंचांचा होतो आणि दहा वर्षं किंवा जास्तही जगतो. तीन इंचांचा बारा इंच झाला, म्हणजे फक्त लांबी चौपट झाली असं नाही. रुंदी आणि जाडीही चौपट होते. म्हणजे वजन 4 गुणिले 4 गुणिले 4, साधारण 64 पट! आणि टाकी? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तरी 57 लिटर पाणी. मासे पाळणारे जाणकार एकट्या मोठ्या ऑस्करलाच पावणेतीनशे ते तीनशे लिटर पाणी हवं म्हणतात.

मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मासे जास्त झाले की हे जिवाणू पुरे पडत नाहीत. पाणी दिसायला नितळ असतं, पण माशाचे कल्ले जळत असतात.

दुसरी गोष्ट भांडणाची. सिक्लिड आपली हद्द आखतात. जोडी जमली की सपाट दगड घासून स्वच्छ करतात, त्यावर अंडी घालतात आणि पुढे पिल्लांचीही राखण करतात. जवळ येणाऱ्याला हुसकावणं हा त्यांचा स्वभाव, त्यात त्यांचा दोष नाही. नदीत हरलेला मासा पळून दूर जातो आणि भांडण तिथेच संपतं. टाकीत तो पळणार कुठे? मग पंख फाटतात, खवले निघतात, एक बिचारा फिल्टरमागच्या कोपऱ्यात अंग चोरून राहतो, रंग काळवंडतो, खाणं सोडतो. आपण म्हणतो, "आजारी दिसतोय." तो आजारी नसतो, मार खात असतो. फ्लॉवरहॉर्न तर माणसांनी संकर करून तयार केलेला मासा, इतका तापट की त्याला एकटाच ठेवावा लागतो.

यावर दुकानदारांचं एक ठरलेलं उत्तर असतं: "मावशी, आणखी दोन-तीन टाका, गर्दी झाली की भांडत नाहीत." आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या लहान सिक्लिडांच्या बाबतीत पाळणारे मुद्दाम असं करतात, तेही भक्कम फिल्टर लावून. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. गर्दीत मारणारा शांत होत नाही. एकाला बसणारा मार दहांत वाटला जातो, एवढंच. फुटा-फुटाच्या माशांना तर तेवढी जागाही नसते. अशी वाटणी करून घराला शोभा आणायची का, हा माझा प्रश्न आहे.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो. बंध, म्हणजे कोंडणं, तो तर टाकी घेतली त्याच दिवशी सुरू होतो. अतिभारारोपण शिकवताना बैलावर जास्त ओझं लादल्याचं उदाहरण असायचं. मला वाटतं, 57 लिटर पाण्यावर पाच पंचेंद्रिय जीवांचा भार टाकणं हेही त्याच जातीचं. मारणारा मासा असला तरी त्यांना एकत्र कोंडणारे आपण. कृत नसेल, पण कारित आपल्याच खाती जमा होतं.

मग करायचं काय? ज्यांच्याकडे असे मासे नाहीत त्यांनी घेऊच नयेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मार खाणारा मासा आजच वेगळा करावा. दुसरी टाकी नसेल तर निदान मधे जाळीचा पडदा घालावा. दर आठवड्याला थोडं पाणी बदलावं, नव्या पाण्यातलं क्लोरीन घालवून. मोठी टाकी असणारा कुणी जाणकार मिळाला तर मासे त्याच्याकडे द्यावेत. आणि एक मासा गेला म्हणून त्या जागी दुसरा आणू नये.

एक मात्र करू नका. अभयदान समजून ते विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. 1952 साली भारतात आणलेला तिलापिया हाही सिक्लिडच. आपल्याकडे त्याला चिलापी म्हणतात. तो जिथे पसरला तिथे मूळच्या माशांची जागा आणि खाणं आकसलं. एका जीवाची सुटका करताना हजारोंवर संकट आणणं ही जीवदया नव्हे.

चातुर्मासात आपण परिग्रहाचं परिमाण ठरवतो: साड्या इतक्या, दागिने इतके. यंदा त्या यादीत टाकीतले जीवही मोजा. बाकी सगळं कपाटात घडी घालून ठेवता येतं, यांना मात्र अंग वळवायला जागा लागते.

जय जिनेंद्र.