पिवळं फूल, सोन्याची जाळी

या आठवड्यात धाकट्या मेहुण्याने एकाच फुलाचे फोटो पाठवून पाठवून वात आणला. फूल जपानचं, नाव फूरान. मूळचं पांढरंशुभ्र, पण मेहुण्याला हवंय पिवळं. कुठल्याशा विक्रेत्याने टाकलेल्या पहिल्या फोटोत ते हळदीच्या रंगाचं, दुसऱ्यात लिंबाच्या सालीचं आणि तिसऱ्यात मागची भिंतसुद्धा पिवळी. तिन्ही फोटोंत रोप मात्र तेच. खाली लिहिलंय, ‘अस्सल सामुराई ऑर्किड, दुर्मीळ पिवळा’. किंमत इथे छापत नाही, कारण मेहुण्याची बायको हे सदर वाचते. माझी बायकोही वाचते, आणि नणंद-भावजयीचं या बाबतीत फार लवकर एकमत होतं.

माहितीचा भाग उरकून टाकतो. फूरान हे झाडाच्या फांदीवर वाढणारं, जेमतेम वीतभर उंचीचं ऑर्किड. जपान, कोरिया आणि चीन हे त्याचं माहेर. पानं कोयत्यासारखी वाकलेली. जून-जुलैत फुलं येतात, प्रत्येक फुलामागे लांब शेपटीसारखी मधाची नळी लोंबते. वास दिवसा बेताचा आणि अंधार पडला की घमघमाट, कारण त्या नळीच्या टोकाशी सोंड पोचवणारे पतंग रात्रीचे हिंडतात. थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1784 मध्ये युरोपच्या दप्तरी त्याची नोंद केली. पुढे त्याचं नाव निओफिनेशिया झालं आणि आता शास्त्रज्ञांनी त्याला वांडा नावाच्या ऑर्किडांच्या गोतावळ्यात बसवलंय. हौशी मंडळी अजूनही लाडाने ‘निओ’च म्हणतात. पिवळ्या फुलाच्या प्रकारांना जपानीत किबाना म्हणतात. झालं.

आता या पिवळ्याची गंमत ऐका. पांढरं फूरानसुद्धा उमलून जुनं झालं की कोमेजता कोमेजता पिवळसर पडतं. म्हणजे फोटो कोणत्या दिवशी काढला, यावर रंग ठरू शकतो. बरं, किबाना म्हणून खरोखर विकल्या जाणाऱ्या कित्येक रोपांचा पिवळाही सायीइतपतच असतो. त्यात भर म्हणून याच फूरानचा एका नारिंगी फुलाच्या ऑर्किडशी संकर करून केलेलं ‘ट्विंकल’ बाजारात आहेच. तेही बुटकं, त्याच्या फुलांतही पिवळा-नारिंगी रंग. फुलं नसताना ही दोन रोपं शेजारी ठेवली तर नवख्याला काय कप्पाळ कळणार? पिवळ्या रंगात परकं रक्त किती, यावर जाणती मंडळीही एकमेकांकडे संशयाने बघतात. मेहुण्याला हे सगळं सांगितलं. उत्तरादाखल त्याने चौथा फोटो पाठवला.

माझा भाचा तोक्योत निशिकासाईला राहतो, म्हणजे अर्ध्या आयटीवाल्या महाराष्ट्राच्या शेजारी. तो एकदा सहज म्हणून या झाडांच्या प्रदर्शनाला गेला होता. परत येऊन मला म्हणाला, “मामा, तिथे फुलाकडे कोणी बघतच नव्हतं!” ते खरंच आहे. निवडक, नावाजलेल्या फूरानला जपानी लोक फूकिरान म्हणतात, आणि त्याची परीक्षा होते ती प्रामुख्याने पानावर. पान किती रुंद, किती आखूड, पट्टा पांढरा की सोनेरी, पान खोडाला जिथे मिळतं तिथली रेघ सरळ आहे, चंद्रकोरीसारखी आहे की डोंगरासारखी. मुळाचं कोवळं टोक हिरवं आहे की माणकासारखं लाल. नामांकित वाणांची यादी दर वर्षी निघते, आणि ती सुमो पैलवानांच्या क्रमवारीच्या तक्त्यासारखी मांडलेली असते. हिरवट फुलाचं ‘हिसुई’, गुलाबी-लाल फुलाचं ‘शुतेन्नो’ अशी फुलासाठी गाजलेली वाणंही आहेत, पण दरबारात मान पानाचा. आपल्याकडे बिनफुलाचं झाड कोणी पाहुण्यांना कौतुकाने दाखवलं तर पाहुणे विचारतील, “याला येतं काय?”

या शौकाचं खापर फुटतं ते अकरावा शोगुन तोकुगावा इएनारी याच्या माथ्यावर. हा गादीवर आला 1787 मध्ये आणि तिथेच बसला 1837 पर्यंत. तेवढ्या काळात इकडे पुण्यात सवाई माधवराव गेले, दुसरा बाजीराव आला, पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्ताला जाऊन तिथलाही जुना रहिवासी झाला. इएनारीला पन्नासाहून अधिक मुलं. तरी माणसाला झाडांसाठी वेळ मिळत होता, हे आमच्यासारख्यांनी लक्षात घ्यावं. त्याला फूरानचा नाद म्हणून सरदार-दरकदारही रानोमाळ फूरान शोधत सुटले. सांगतात की, कुंडीवर सोन्या-चांदीच्या तारांची जाळी असे आणि झाड बघायला वाकणाऱ्याने आपला श्वास पानांना लागू नये म्हणून तोंडापुढे कागद धरायचा.

लहानसहान रोपट्यावर जाळी म्हणजे बड्या लोकांचा माज, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणणार नाही. मी पुण्यात राहतो आणि आमची गॅलरी तळमजल्यावर आहे.

पहाटे साडेपाचला आमच्या सोसायटीत जी मंडळी फिरायला निघतात, त्यांच्या एका हातात काठी असते आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. काठीला पुढे आकडा. हा आकडा म्हातारपणाचा आधार म्हणून लावलेला नसतो. माझी जास्वंद, कण्हेर, तगर यांच्या हालअपेष्टा या सदरात पूर्वी येऊन गेल्यात, आणि त्यावर “देवाला वाहिलेल्या फुलाचं पुण्य तुम्हालाही लागतं” अशी पत्रंही आली होती. ती पत्रं लिहिणाऱ्यांचे पत्ते आमच्याच पेठेतले होते. एका काकूंना मी कुंपणातून आत हात घातलेला असतानाच गाठलं. ओशाळणं राहिलं बाजूला, त्यांनी मलाच विचारलं, “ती पिवळी शेवंती कशी हो बारीक झालीय? खत घालत नाही का?” दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दत्ताला पिवळी फुलं लागतात. आता विचार करा, अशा गॅलरीत हळदीच्या रंगाचं, सुवासिक, जपानहून आणलेलं फूल बुधवारी संध्याकाळी उमललं तर गुरुवारी सकाळी ते कोणाच्या देव्हाऱ्यात असेल? शोगुनला गल्लीतल्या काकू ठाऊक नव्हत्या, तरी बंदोबस्त त्याने अगदी योग्य केला होता. फक्त आकड्याची काठी तारेच्या जाळीतून जाते की नाही, हे त्याला तपासावं लागलं नाही.

असो. मेहुण्याचं राहिलंच.

हे झाड जगवणं तसं दुष्कर नाही. शेवाळाचा, आतून पोकळ असा उंचवटा करायचा, त्यावर रोप बसवून मुळं चहूबाजूंनी खाली सोडायची. कुंडीला तळाशी मोठं भोक हवं, हवा खेळायला हवी. उन्हाळ्यात पाणी सढळ, थंडीत अगदी कमी. त्याला हिवाळ्याची खरीखुरी विश्रांती लागते; गारव्यात पानं थोडी सुरकुतली तरी घाबरायचं कारण नाही. ठाण्या-मुंबईच्या दमट डिसेंबरात ही विश्रांती कुठून द्यायची, हा प्रश्न मेहुण्याने विचारलेला नाही, आणि तो राहतो डोंबिवलीत. शिवाय ऑर्किडं सगळीच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत येतात. जपानचा निर्यात परवाना, रोप निरोगी असल्याचा दाखला आणि आपल्याकडचा आयात परवाना, एवढं सगळं लागतं. ‘पार्सलमध्ये गुंडाळून पाठवतो, काळजी नको’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला तिथेच नमस्कार करावा. जपानच्या रानात फूरान आधीच इतकं विरळ झालंय की तिथल्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत त्याचं नाव आहे, म्हणून रोप रोपवाटिकेत वाढवलेलंच हवं.

वाचकांपैकी कोणाला ही हौस असेल तर साधं पांढरं घ्या. वासाला ते तसूभरही कमी नाही, आणि रात्री अंधारात रंग कोणाला दिसतो? किबानाच हवं असेल तर ताजं उमललेलं फूल स्वतःच्या डोळ्यांनी, दिवसाउजेडी, पांढऱ्या भिंतीसमोर बघा आणि मगच पाकिटाला हात घाला. बिनफुलाच्या रोपाला पिवळ्याचे पैसे देऊ नका. आणि पिवळं, सुगंधी, आपल्या हवेत फुलणारं काहीतरी हवंय, एवढंच म्हणणं असेल तर सोनचाफ्याचं कलम आणा. ते कुंडीतही फुलतं, आणि त्याला कुठल्याच देशाचा परवाना लागत नाही.