बागेचा पैसा कुणासाठी?

आमच्या नगरपालिकेने बागेच्या सुधारणेसाठी पैसे मंजूर केले. त्यातून कारंजे झाले, कमान झाली, कमानीवर नावे आली. मुतारी मात्र फक्त पुरुषांची! (बायकांना लघवी लागत नाही, असा बहुधा ठराव झाला असावा.) दिवे बंद, म्हणून सातनंतर बागही पुरुषांचीच.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत बागा आहेत, रस्त्यावरचे दिवे आहेत, सार्वजनिक शौचालयेही आहेत. तेव्हा ‘हे आमचे काम नाही’ हे उत्तर आम्ही ऐकणार नाही. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. मग अंदाजपत्रकाच्या सभेत नगरसेविका गप्प का? की त्यांना बोलूच देत नाहीत? मैत्रिणींनो, सभेआधी त्यांना गाठा. बाग झाडणाऱ्या कंत्राटी बायकांची मजुरी कुठल्या खात्यात दाखवली आहे, तेही विचारा.