कोळशाच्या बॉयलरमध्ये पेंढा जाळायचा, पण पाइपचं काय?

फोन चार्जिंगला लावता तेव्हा येणारी बहुतेक वीज आजही कोळशाचीच असते. त्या कोळशात आता शेतातला पेंढा आणि काडीकचराही गोळ्या करून मिसळायचा आहे. केंद्राच्या २०२१ च्या धोरणात हे आलं आणि २०२३ च्या सुधारणेत २०२४-२५ साठी ५ टक्के प्रमाण ठरलं. शेतात पेंढा पेटवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण बॉयलरच्या पाइपांबद्दल बातम्यांमध्ये फारसं काही येत नाही.

सगळ्यात तापलेल्या पाइपांतून ५४० अंश सेल्सिअसच्या आसपासची वाफ वाहते, बाहेरून धूर आणि राख. तिथलं स्टील टिकतं ते त्यावर आपोआप धरणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. पेंढ्यात मात्र पोटॅशियम आणि क्लोरीन असतं. दोघांचं मीठ पाइपवर बसून तो थर फोडतं. मग क्लोरीन आतल्या लोखंडाला गाठतो. लोखंडाचं क्लोराइड बनतं, वायू होऊन बाहेर सरकतं, तिथे ऑक्सिजन मिळाला की गंज तयार होतो आणि क्लोरीन पुन्हा मोकळा! परत आत. थोडासाच क्लोरीन, पण तोच पुन्हा पुन्हा पोखरतो.

यावर उपाय निकेल-क्रोमियमच्या कोटिंगचा. निकेलवर क्लोरीनचा लोखंडाइतका जोर चालत नाही. एचव्हीओएफ पद्धतीत धातूची पावडर ज्वाळेत तापवून आवाजापेक्षा जास्त वेगाने पाइपवर मारतात. दुसरी पद्धत म्हणजे वेल्डिंगने इन्कोनेल ६२५ चा साधारण २ मिलिमीटरचा थर चढवणं. कचरा जाळणाऱ्या प्लांटमध्ये हे चालतं, पण खर्चिक आहे.

मला विचाराल तर ५ टक्क्यांसाठी सगळे पाइप इन्कोनेलने मढवायची गरज नाही. डेन्मार्कमध्ये कोळशासोबत पेंढा जाळून पाहिला, तेव्हा कोळशाची राख आणि गंधक पोटॅशियमला बांधून ठेवतात असं दिसलं. आपल्या कोळशात तर राख ३० ते ४५ टक्के. एरवी शिव्या खाणारी (आणि पाइप घासून झिजवणारी) ही राख इथे कामाला येते.

मला जास्त काळजी सोलरची वाटते. दुपारी सोलर वीज भरपूर असते, तेव्हा कोळशाच्या युनिटना लोड कमी करावा लागतो. २०२३ च्या नियमांनुसार तो ४० टक्क्यांपर्यंत खाली आणता आला पाहिजे. लोड रोज असा खाली-वर झाला की पाइपही कमी-जास्त तापतो. स्टील आणि कोटिंग सारखंच प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे कोटिंगला भेगा पडू शकतात आणि क्लोरीनला वाट मिळते. म्हणून टेंडर काढताना कोटिंग किती तास टिकेल एवढंच विचारून भागणार नाही. किती वेळा तापून-निवून टिकेल, हा आकडाही मागावा लागेल.