ओसरीवरच्या गोष्टी : चित्र आले, शब्द राहिले

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात उभे असता एक परिचित गृहस्थ आमच्याजवळ आले. शेतीवाडी सांभाळणारा, मितभाषी माणूस. परंतु चेहऱ्यावर काळजी स्पष्ट दिसत होती. ते म्हणाले, "मास्तर, पोरगा हट्टाला पेटला आहे. म्हणतो, बाबा, कॅमेरा घेऊन द्या; गावाचे, शेताचे व्हिडिओ करून यूट्यूबवर घालीन आणि चार पैसे मिळवीन. कॅमेरा, भिंग आणि बाकीचे सामान मिळून सत्तर हजार सांगतो. पोस्टातली ठेव मोडू की नको, तेवढे तुम्ही सांगा."

उत्तर तेथल्या तेथे देण्यासारखे नव्हते. आम्ही त्यांना म्हटले, "पुढच्या अंकात वाचा." कारण अशाच एका कॅमेऱ्याने आमच्या घरात मोठा आनंदही आणला आणि एक कायमची रुखरुखही मागे ठेवली. ती हकीकत सांगितल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर पुरे होणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा भाचा बेळगावात नोकरीस लागला आणि पहिल्या वर्षीच्या बचतीतून त्याने असा एक कॅमेरा घेतला. मे महिन्यात तो खानापूर तालुक्यातील आमच्या गावी आला. परसात रातांबे पिकले होते आणि आमच्या मातोश्री, वय वर्षे चौऱ्याऐंशी, आमसुले घालावयास बसल्या होत्या. फळ कसे पारखावे, साल कशी सोडवावी, ती आगळात किती वेळा बुडवून किती उन्हे द्यावीत, आणि मुख्य म्हणजे मीठ किती घालावे, हे सारे तिच्या हातात होते. कोणत्याही वहीत नव्हते. भाचा म्हणाला, "आजी, तू कर आणि सांगत जा. मी सारे टिपून घेतो." ती हसून म्हणाली, "टीप बाबा. माझ्यामागे कोणाला तरी उपयोगी पडेल."

त्याने पडवीत तिपाई रोवली, दहा-बारा पावलांवर कॅमेरा ठेवला आणि काम सुरू झाले. त्याच्या धाकट्या बहिणीने, तिला काय वाटले कोण जाणे, आपला मोबाईल ध्वनी टिपण्यास लावून आजीच्या पाटाशेजारी ठेवला. अकरा मिनिटे झाली असतील नसतील, तोच वळवाची सर आली. मोबाईल भिजेल म्हणून मुलीने तो उचलून आत नेला. पडवीवरच्या पत्र्यावर पाऊस ताशा वाजवू लागला. आई मात्र थांबली नाही. तिला वाटले, यंत्र ऐकतच आहे. मिठाचे माप तिने सांगितले ते त्या पावसात.

रात्री सारे संगणकासमोर बसलो. चित्र देखणे होते. आईच्या बोटांवरून ओघळणारा लाल रस असा दिसत होता की हात पुढे करून पुसावा. परंतु आवाज म्हणाल तर नुसता पाऊस. तिचे ओठ हलत होते, मूठ मीठ घेऊन वर येत होती, आणि शब्द एकही कळत नव्हता. भाचा म्हणाला, "काही हरकत नाही, आजी. पुढच्या वर्षी पुन्हा करू." त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आईला अर्धांगाचा झटका आला व तिची वाचा गेली. पुढच्या मे महिन्यात रातांबे पिकले, तेव्हा ती नव्हती.

आज आमची बहीण आमसुले घालते ती अंदाजाने. एखादे वर्ष ती साधतात, एखादे वर्ष त्यांना बुरशी धरते. असो.

दोष कॅमेऱ्याचा मुळीच नव्हता. त्याचे काम काय आणि आपले काम काय, हे आम्हांस ठाऊक नव्हते. म्हणून प्रथम हे यंत्र कसे असते ते पाहू.

जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगामागे एक तिरका आरसा असे. भिंगातून येणारा प्रकाश तो आरसा वरच्या डोळ्याकडे वळवी आणि छायाचित्र घेताना क्षणभर बाजूस होई. नव्या जातीच्या कॅमेऱ्यात हा आरसाच काढून टाकला आहे, म्हणून त्यास मिररलेस म्हणतात. प्रकाश सरळ संवेदक पटलावर पडतो आणि जे टिपले जाणार तेच मागच्या पडद्यावर दिसते. भिंग बदलता येणारे असे कॅमेरे २००८ साली पॅनासॉनिकच्या लुमिक्स जी१ पासून बाजारात रुळू लागले. आरसा गेल्याने यंत्र लहान व हलके झाले. चलच्चित्र घेताना आरसा तसाही बाजूस धरून ठेवावा लागे. ती अडचणही संपली.

या वर्गातील आरंभीच्या पायरीची दोन उदाहरणे सांगतो. सोनी कंपनीचा झेडव्ही-ई१० हा जुलै २०२१ मध्ये जाहीर झाला. बॅटरी व कार्ड धरून त्याचे वजन ३४३ ग्रॅम भरते. म्हणजे पाव शेर-दोन शेरांचा हिशेब करावा असेही ते ओझे नव्हे. त्याचे पटल सुमारे २३.५ मिलिमीटर लांब व १५.६ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे मोबाईलच्या पटलाहून कितीतरी मोठे. मागचा पडदा बाजूस उघडून स्वतःकडे वळविता येतो. बाहेरचा माइक जोडण्यास आणि टिपला जाणारा आवाज कानांनी ऐकण्यास त्यास दोन निरनिराळी छिद्रे आहेत. डोळा लावून पाहण्याची खिडकी मात्र त्यास नाही. कॅनन कंपनीचा आर५० हा २०२३ चा. त्यास तशी खिडकी आहे, माइकचे छिद्रही आहे. परंतु आवाज ऐकण्याचे छिद्र नाही. हात कापला तर चित्र स्थिर राखणारी यंत्रणा या दोहोंच्याही पटलाखाली नाही. तात्पर्य, स्वस्त पायरीवर काही तरी मिळते आणि काही तरी सोडावे लागते. काय सोडावयाचे, हे आपल्या कामावरून ठरवावे.

आता आमच्या चुका ओळीने मांडतो, म्हणजे वाचकांस त्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक आवाजाची. कॅमेऱ्याच्या अंगचा माइक खोलीतील सर्वच आवाज ऐकतो; माणूस जितका दूर, तितका पाऊस, वारा आणि कोंबडा जवळ. आवाजाचा नियम साधा आहे : माइक कॅमेऱ्याजवळ नव्हे, तर तोंडाजवळ हवा. पदराला किंवा सदऱ्याला टाचून ठेवण्याचा लहानसा माइक छातीवर, हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावला, तर साध्या यंत्रातही शब्द स्वच्छ उमटतो. आमच्या घरी पाटाशेजारच्या मोबाईलने टिपलेली ती अकरा मिनिटे आजही स्पष्ट ऐकू येतात. फळ कसे पारखावे हे आम्हांस त्यामुळेच कळले. भाच्याने तो आवाज चित्राशी जुळवून दिला. महागडा कॅमेरा दहा पावलांवर बहिरा ठरला आणि पाटाशेजारचा मोबाईल कामी आला, ही गोष्ट प्रत्येक होतकरूने मनावर कोरून ठेवावी. टिपणे सुरू करण्यापूर्वी अर्धा मिनिट बोलून, ते पुन्हा ऐकून, मगच पुढे जावे. वाऱ्यात माइकवर केसाळ टोपी घालावी. आणि पत्र्याखाली पावसाळी दिवसांत बसूच नये.

दुसरी चूक उजेडाची. आईच्या पाठीमागे उघडे अंगण होते. यंत्राने अंगणाचा उजेड पाहून चित्र आवरले आणि आईचा चेहरा काळवंडला. बसणाऱ्याचे तोंड दाराकडे किंवा खिडकीकडे करावे, पाठ नव्हे. ओसरीवरचा सावलीतला उजेड हा सर्वांत सौम्य आणि फुकटचा.

तिसरी चूक दिव्याची. आभाळ भरून आले तेव्हा भाच्याने नळीचा दिवा लावला आणि चित्रात आडवे पट्टे सरकू लागले. कारण असे की, आपल्या देशात विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तने घेतो, आणि त्यामुळे असे दिवे सेकंदास १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यास ते कळत नाही, कॅमेऱ्यास कळते. उपाय सोपा आहे. सेकंदास २५ चित्रे घ्यावीत आणि शटरचा वेग सेकंदाचा ५० वा भाग ठेवावा. पट्टे बहुधा नाहीसे होतात आणि हालचालही डोळ्यास नैसर्गिक दिसते. भर उन्हात एवढ्या सावकाश शटरने चित्र पांढरे पडू लागले, तर भिंगावर काळसर काच चढवावी. अथवा त्याहून सोपे म्हणजे सावलीत बसावे.

चौथी गोष्ट शक्तीची आणि साठ्याची. झेडव्ही-ई१० ची बॅटरी प्रत्यक्ष चित्रणास सुमारे ८० मिनिटे पुरते, म्हणून जादा बॅटरी ही चैन नसून गरज आहे. चार-के नावाच्या अतिस्पष्ट प्रकारात सेकंदास १०० मेगाबिटांच्या दराने टिपले, तर ६४ जीबीचे कार्ड साधारण ८० मिनिटांत भरते. खेड्यातल्या इंटरनेटवरून एवढी मोठी फाइल चढविणे म्हणजे बैलगाडीने रेल्वेचा माल ओढण्यासारखे आहे. पाहणारे बहुतेक मोबाईलच्या लहान पडद्यावर पाहतात. त्यांस साधा एचडी प्रकार पुष्कळ होतो. शिवाय चार-के प्रकारात, मे महिन्याच्या उन्हात, असे लहान कॅमेरे तापून मध्येच बंद पडण्याचा संभव असतो. टिपलेली प्रत मात्र त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवून ठेवावी.

पाचवी गोष्ट आपल्या भागातील खास. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी आणि कोकण-गोव्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की भिंगाच्या आत बुरशी धरते आणि ती काच कायमची डागाळते. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याची युक्ती कोणी सांगेल. ती करू नये, पीठ भिंगाच्या फटीत शिरते.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. "चार पैसे" मिळण्याचा हिशेब काय? यूट्यूबच्या आजच्या नियमांनुसार जाहिरातींतील वाटा मिळावयास १००० सभासद आणि मागील बारा महिन्यांत ४००० तास पाहणे झालेले असावे लागते. लघुपटांच्या वाटेने जावयाचे तर नव्वद दिवसांत १ कोटी वेळा ते पाहिले गेले पाहिजेत. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. येणारा प्रत्येक जण सरासरी चार मिनिटे थांबला, तर ६०,००० वेळा कोणी तरी येऊन बसले पाहिजे. आणि हे झाले म्हणजे दार उघडले. ताट वाढून ठेवलेले आहे असे नव्हे. कित्येकांस ते साधते, हे खरे. परंतु ठेव मोडून त्यावर घर चालविण्याचा बेत करणे शहाणपणाचे नाही.

म्हणून आमचा सल्ला असा. मुलास नाही म्हणू नका. त्याच्या मनात गावाचे, शेताचे टिपून ठेवावे असे आले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ठेवही मोडू नका. त्यास हजार-दोन हजारांचा टाचण्याचा माइक आणि एक साधी तिपाई घेऊन द्या. मोबाईल घरात आहेच. त्याला सांगा, "बाबा, सहा महिने यावर काम कर. पंधरा दिवसांस एक याप्रमाणे बारा व्हिडिओ पुरे कर. उजेड, आवाज आणि बोलणे या तिन्ही गोष्टी हातात बसू देत." बारा पुरे झाले आणि मोबाईल कोठे अपुरा पडतो हे त्याला नेमके सांगता आले, तर कॅमेऱ्याचा विचार करा, आणि तोही बचतीतून, शक्य तर ओळखीच्या माणसाकडून वापरलेला, भिंग उजेडात धरून बुरशी नाही ना हे पाहून. सहाव्या आठवड्यातच उत्साह ओसरला, तर सत्तर हजार वाचले असे समजा.

आणि त्या मुलास आमचा एक वेगळा निरोप द्या. पहिला व्हिडिओ शेताचा नको, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाचा कर. आजोबा असतील, आजी असेल, त्यांच्याजवळ बस. माइक त्यांच्या पदराला टाच. त्यांना जे येते ते सांगू दे. तो यूट्यूबवर गेला नाही तरी चालेल. "पुढच्या वर्षी" म्हणू नकोस. आम्ही म्हटले होते.

आमच्या घरी ते चित्र अजून आहे. कधी कधी बहीण ते लावते आणि आईची मूठ वर येते तेथे थांबविते. ती मूठ किती भरलेली आहे, याचा अंदाज घेते आणि तेवढेच मीठ घालते. गेल्या वर्षी आमसुले बरी झाली होती.